बांधावरची जागा

तुरुंगात माणसाला जेवायला काय देतात, हे मला फार दिवसांपासून जाणून घ्यायचं होतं. आमच्या गावातून एकच माणूस तुरुंगात गेला होता, आणि तो गेल्यावर त्याचं नावही घरात काढायची सोय राहिली नव्हती. मी विचारायला तोंड उघडलं की आई म्हणायची, "जीभ आवर गो." आई गेली, पण माझी जीभ काही आवरली गेली नाही. नको तिथं तोंड घालते म्हणून मला बघायला आलेली दोन स्थळं परत गेली. तिसऱ्याला मीच परत पाठवलं, कारण मी चार गोष्टी विचारल्या तरी त्यानं मला एकही विचारली नाही.

आमचं गाव पेणच्या खाली, धरमतरच्या खाडीला लागून. ताई रोह्याला दिलेली. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं आणि बाबांनी मला तिच्याकडं धाडलं. तेव्हा रोह्याला नव्यानंच कंपन्या आल्या होत्या. भावजी शिफ्टमध्ये जायचे, त्यांच्या झोपेला आणि जेवणाला काही धरबंध नव्हता. मी पोचले त्या दिवशी घरात चूलच पेटलेली नव्हती. ताईनं हातात डबा दिला आणि कोपऱ्यावरच्या खानावळीत पिटाळलं.

तिथं मागच्या दारी एक माणूस चपात्या लाटत होता. आमच्याकडं घरोघरी तांदळाची भाकरी, चपाती सणासुदीची, त्यामुळं पुरुषमाणूस एवढ्या सफाईनं चपात्या लाटतोय हे मी बघतच राहिले. त्यानं मान वर केली तेव्हा त्याच्या डाव्या भुवईतली जुनी खोक दिसली आणि मी ओळखलं. तो आमच्या गावचा, तुरुंगात गेलेला तोच. सुटून आल्याचं गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसरी कुणी असती तर डबा भरून मुकाट्यानं परत फिरली असती. मी विचारलं, "तुरुंगात जेवायला काय देत होते?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता लाटणं फेकून मारतो.

"तू पंचांची धाकटी ना?" तो म्हणाला. "चपात्या. मीच करायचो. तिथंच शिकलो."

"आणि कालवण?"

"पातळ."

एवढंच बोलणं झालं. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात आणखी दहा प्रश्न तयार झाले होते. तिथं घड्याळ असतं का? चांदणं दिसतं का? रात्री कुणी रडलं तर बाकीचे काय करतात? आणि सगळ्यांत मोठा, सुटल्यावर हा घरी का आला नाही?

त्यानं काय केलं होतं ते इथंच सांगते. आमच्या शेतांना खाडीच्या बाजूनं मातीचा लांबलचक बांध असतो. खारं पाणी आत येऊ नये म्हणून तो घालायचा. पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. उघाडीच्या तोंडाशी मासळी चांगली मिळते, म्हणून तिथं जाळं लावायची पाळी दर साली एकेका घराकडं जाते. त्या साली पाळी त्याच्या चुलत भावाची होती. दोघांची घरं एकाच अंगणात, ह्याचे आईबाप लवकर गेलेले, दोघं एका ताटात जेवून वाढलेले. पण त्या दिवशी ह्यानं भावाच्या पाळीत जाळं टाकलं. शब्दानं शब्द वाढला, आणि ह्यानं फावड्याचा दांडा भावाच्या डोक्यात घातला. भाऊ पेणच्या दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. हा स्वतःच्या पायांनी पोलिसांत गेला. मी तेव्हा परकरातून नुकतीच साडीत आले होते.

मागं राहिली ती त्या भावाची आई. नवरा आधीच गेलेला, आता एकुलता एक मुलगाही गेला. ह्याची ती काकी, आणि तेव्हापासून अख्खं गाव तिला काकीच म्हणतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डबा घेऊन गेले. तो म्हणाला, "एक तू विचार, एक मी विचारतो. फुकट नाय सांगणार."

मी तयारच होते. मी विचारलं, चांदणं दिसायचं का. तो म्हणाला, एका खिडकीतून दिसायचं, पण त्या खिडकीखाली झोपायला मारामारी असायची, म्हणून त्यानं तो नाद सोडला. मग त्याची पाळी. तो म्हणाला, "काकी कशी हाय?"

मी सांगितलं, बरी आहे, गुडघे दुखतात.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, सुटल्यावर गावात का आला नाहीस. तो म्हणाला, पेणच्या स्टँडवर उतरलो, चहा प्यायलो, गावाकडं जाणारी गाडी समोरच उभी होती. तिच्यात चढायचा धीर झाला नाय. शेजारी रोह्याची लागली होती, तिच्यात चढलो. मग त्याची पाळी. "बांधावर माझ्या जागेत कोण उभं राहतंय?"

हा प्रश्न आमच्या गावच्या माणसालाच पडावा. उधाणाच्या भरतीनं बांधाला खांड पडली, म्हणजे मधेच तुटून पाणी आत आलं, की पुढची भरती यायच्या आत ती बुजवावी लागते. नाहीतर खारं पाणी जमिनीत मुरतं आणि काही वर्षं भाताचं नाव घ्यायला नको. अशा वेळी घरटी एक माणूस बांधावर येतो आणि रांग लागते. रांगेच्या एका टोकाला चिखल कापतात, दुसऱ्या टोकाला खांड, आणि मधे चिखलाचे गोळे हातातून हातात जातात. गोळा खाली ठेवायचा नाही. ठेवला की पाण्यानं सैल होतो आणि त्याची माती होते. आणि रांगेत जिथं वाटेल तिथं उभं राहता येत नाही. ज्या क्रमानं जमिनी, त्याच क्रमानं घरं. माझे बाबा पंच, ते एकेका घराला हाक मारायचे आणि त्या घरच्या माणसानं "हाय" म्हणून आपली जागा घ्यायची. ज्या घरातून माणूस येत नाही, त्याला बांधाच्या कारभारात तोंड उघडायला जागा नाही. ते घर असून नसल्यासारखं.

"कोण नाय उभं राहत," मी त्याला सांगितलं. "बाबा 'थोरल्याचं घर' म्हणतात, काकी 'हाय' म्हणते. मग बाबा जरा थांबतात आणि विहिरीकडच्या घराला हाक मारतात."

"काकी स्वतः येते?"

"मग घरात दुसरं कोण हाय?"

त्याची चपाती तव्यावर करपली. त्यानं ती उलटलीच नाही. खरं सांगायचं तर थोरल्याच्या आणि विहिरीकडच्या घरामध्ये एका माणसाची जागा तशीच मोकळी असायची आणि विहिरीकडच्या माणसाला ओणवं होऊन काकीच्या हातात गोळा द्यावा लागायचा. सरकून जागा बुजवावी असं कुणाच्या मनात यायचं नाही. धाकल्याची, म्हणजे ह्याच्या घरची जमीन तिथं आहे, मग जागाही आहे, एवढं ते सरळ होतं.

ताईचे दिवस भरत आले तसं मला तिच्या भुकेचं फार कौतुक वाटायला लागलं. सकाळचा डबा, संध्याकाळचा डबा. ताई काही दुधखुळी नव्हती. "माझ्या पोटात एकच हाय गो," ती म्हणाली, "आणि तू पलटण असल्यासारखं जेवण आणतेस." मी तिच्यावर डाफरले. डाफरले म्हणजे खरंच होतं.

मला त्याची भीती का वाटत नाही, याचा मी खूप विचार केला. ज्या हातानं माणूस मेला, तो हात पीठ मळताना मी रोज बघत होते. मी एकदा तसं विचारलंही, तुला स्वतःच्या हातांचा राग येतो का. तो म्हणाला, "हातांचा कशाला येईल? ते सांगितलं तेवढंच करतात." मला तो माणूस आवडायला लागला होता, हे मी तेव्हाच ओळखलं, आणि ओळखून मला बरं वाटलं.

एक दिवस तो म्हणाला, "तुझ्या बाबांना विचारू काय?"

"आधी मला विचार."

"तुला काय विचारायचं? नाय म्हणणारी बाई दिवसाला दोन डबे न्यायला येत नाय."

मी त्याला काहीबाही बोलले आणि डबा न घेताच परत आले. त्या संध्याकाळी ताईला पेज प्यावी लागली.

ताईला मुलगी झाली, बारसं झालं, मी गावी परतले आणि बाबांना सरळ सांगितलं. बाबा रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. ओटीवर बसून बराच वेळ पाय चोळत राहिले.

"ज्याचं घर बांधावर उभं राहत नाय, त्या घरात मी पोरगी कशी देऊ?" ते म्हणाले.

"मग हाक मारा ना तुम्ही. उभा राहील तो."

"हाक मारायला माझं काय जातं? पण त्याची जागा कुठं हाय, ठाऊक हाय ना? काकीच्या उजव्या हाताला. त्याच्या हातातला गोळा तिनं घ्यायचा हाय. तिनं नाय घेतला तर रांग तुटली. ते मी तिला कसं सांगू?"

बाबा सांगणार नव्हते, गावातलं दुसरं कुणी सांगणार नव्हतं. मग मीच गेले. काकी अंगणात वाल सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, मूठभर वाल सोलले आणि माझ्या सवयीप्रमाणं एकदम विचारलं, "काकी, तो रोह्याला हाय. त्यानं बांधावर यावं का?"

तिचा हात थांबला नाही. टरफल एका बाजूला, वाल दुसऱ्या बाजूला.

"तुला लगीन करायचंय," ती म्हणाली, "म्हणून मी माझ्या पोराला विसरू?"

मी उठून घरी आले आणि खूप रडले. राग आला तो तिचा नाही, माझ्या तोंडाचा. सगळ्या गोष्टी विचारून कळतात असं मी समजत होते. ही विचारायची नव्हती.

मी त्याला निरोप धाडला, की थांबू नकोस, इकडचं काही खरं नाही. त्याचं उत्तर आलं नाही.

श्रावणातल्या अवसेला उधाण मोठं होतं. पहाटेच्या भरतीत उघाडीच्या पलीकडं बांधाला खांड पडली. उजाडल्यावर बघितलं तर शेतात गुडघाभर खारं पाणी आणि नुकतं लावलेलं भात त्याच्याखाली. ओहोटी लागली तसं सगळं गाव बांधावर जमलं. आम्ही बाया पेंढ्याच्या मोळ्या घेऊन उभ्या होतो. बाबांनी हाका मारायला सुरुवात केली आणि तेवढ्यात मला तो दिसला. धोतर गुडघ्यावर खोचून तो रांगेच्या अगदी शेवटी, चिखल कापणाऱ्यांच्याही पलीकडं उभा होता. पेणच्या कुठल्या कंडक्टरनं खानावळीत सांगितलं होतं, तुमच्याकडं बांध फुटलाय म्हणून. हा मळलेली कणीक तशीच टाकून निघाला होता. हाताला पीठ अजून लागलेलं होतं.

सगळ्यांनी त्याला बघितलं. त्याच्याजवळचा माणूस दोन पावलं सरकला.

बाबा हाका मारत थोरल्याच्या घरापर्यंत आले. काकी म्हणाली, "हाय." मग बाबा थांबले. नेहमी थांबायचे त्याहून जास्त थांबले. बाबांनी विहिरीकडच्या घराला हाक मारायला तोंड उघडलं आणि काकी म्हणाली, "पंच, मधलं घर राहिलं."

"राहिलं व्हय," बाबा म्हणाले. "धाकल्याचं घर."

टोकाकडून "हाय" ऐकू आलं की नाही, मला आठवत नाही. तो आला, रांगेच्या पुढून न येता मागून, खाली चिखलातून, आणि काकीच्या उजव्या हाताला उभा राहिला. एवढी वर्षं मोकळी राहिलेली जागा भरली. काकीनं त्याच्याकडं बघितलं नाही.

पहिला गोळा आला. विहिरीकडच्या माणसानं तो ह्याच्या हातात दिला. तो घेऊन हा नुसताच उभा. मागं गोळे साचायला लागले, लोक ओरडायला लागले. मग त्यानं वाकून तो गोळा काकीच्या पायाशी ठेवला. आपला हात तिला लागू नये म्हणून. आमच्या गावात लहान पोरालाही ठाऊक असतं, की गोळा खाली ठेवायचा नाही. त्याला ठाऊक नव्हतं थोडंच.

"खाली कशाला ठेवतोस?" काकी म्हणाली. "माझे गुडघे नाय वाकत. हातात दे."

त्यानं दुसरा गोळा तिच्या हातात दिला. तिनं घेतला आणि पुढं दिला. मग तिसरा, मग पुढचे. एकदा रांग चालू झाली की कुणाला कुणाकडं बघायला सवड नसते. भरतीचं पाणी खाडीत वर चढायला लागलं तेव्हा खांड बुजली होती. त्यावर पेंढा दाबला, लाकडाच्या मेढी ठोकल्या, आणि लोक हात धुवायला गेले. मी पाण्याचा हंडा घेऊन काकीकडं गेले. तिनं पाणी घेतलं. तो चार पावलांवर उभा होता, त्याच्याशी एक शब्द न बोलता ती घरी निघून गेली.

बाबांनी मला त्या दिवशी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुळशीचं लगीन होऊ दे." त्यावरून मी काय ते समजले.

आमचं लग्न झालं, अंगणातल्या अंगणात, दहा-वीस माणसांत. काकी आपल्या घरात दार लावून बसली होती. आम्ही तिच्यासमोरच्या घरात संसार मांडला. पडीक खाचरं त्यानं पुन्हा लावली. मी त्याला चारचौघांत 'अहो' म्हणायला लागले, त्याचं त्याला हसू यायचं. माझे प्रश्न संपले नाहीत, पण आता तो म्हणायचा, चपात्या करणार नाय, भाकरी हवी. त्यावरून आमची पहिली भांडणं झाली.

काकी माझ्याशी कामापुरतं बोलायची. त्याच्याशी नाही, कधीच नाही. तो तिचं कुंपण बांधून द्यायचा, ती बघूनही न बघितल्यासारखं करायची. त्यानं दारात ठेवलेली मासळी मांजर खायचं. पण खांड पडली की ती बांधावर त्याच्या शेजारी उभी राहायची आणि त्याच्या हातातून गोळा घ्यायची. मला हे कोडं काही सुटायचं नाही. माफ केलं असेल तर मासळी का घेत नाही, आणि केलं नसेल तर गोळा का घेते? मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "देतंय तेवढं घ्यायचं. हावरटपणा करू नये." मला तेवढ्यानं समाधान व्हायचं नाही, आणि काकीला विचारायची हिंमत होत नव्हती.

मग एक साल असं आलं की काकी अंथरुणाला खिळली. गुडघे तर गेलेच होते, आता कंबरही गेली. मी तिला उठवायची, बसवायची, न्हाऊ घालायची. ती नको म्हणायची आणि मी ऐकायची नाही. आश्विनात पुनवेच्या उधाणाला पुन्हा खांड पडली. बांधावरून हाका यायला लागल्या. तो फावडं घेऊन निघाला. मी काकीला पेज पाजत होते. हाका ऐकून तिनं वाटी बाजूला सारली आणि उठायला बघितलं. उठता येईना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच बघितलं.

"थोरल्याचं घर आज बोलणार नाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, बाबा समजून घेतील.

"तुझ्या बाबांनी समजून घेऊन काय उपयोग? पोर गेलं, आता घर पण गेलं म्हणतील." मग तिनं माझा हात धरला. "तू जा. माझ्या घरची म्हणून उभी राहा."

"मी? मी तर धाकल्याच्या घरची. मी त्याची..."

"ठाऊक हाय कुणाची ते," काकी म्हणाली. "माझ्या पोराला बायको आली असती तर आज तीच गेली असती. तिला येऊ दिलं नाय तुझ्या माणसानं. म्हणून तू जा."

मी पदर खोचला आणि गेले. बांधावर पोचले तेव्हा बाबा हाका मारतच होते. त्यांनी "थोरल्याचं घर" म्हटलं आणि त्यांना ठाऊक होतं की आज उत्तर येणार नाही, म्हणून ते लगेच पुढचं घर घ्यायला निघाले. मी मोठ्यानं म्हटलं, "हाय."

सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. मी काकीच्या जागेत उभी राहिले. तो मला काही विचारायला आला तेव्हा मी म्हटलं, "तिनंच धाडलंय." बाबांनी "धाकल्याचं घर" अशी हाक मारली. माणूस माझ्या उजव्या हाताला उभा राहून लहान पोरासारखा रडत होता, आणि मागून चिखल येत होता. शेवटी मी त्याला कोपरानं ढोसलं.

"हाय," तो म्हणाला, आणि पहिला गोळा माझ्या हातात दिला.